ग्रुप प्रोजेक्टने डोकं फिरायची वेळ येऊ नये म्हणून

एकाच एसटीने अप-डाऊन करणारे, एकाच डब्यातलं खाणारे चार मित्र प्रोजेक्ट सुरू झाल्यावर दोन महिन्यांत एकमेकांचे फोन उचलेनासे होतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही कॉलेजात हे दिसतं. काम मात्र तेवढं मोठं नसतं. नव्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक कामाचा एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास धरतात. दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट असेल तर माणशी ६० तास झाले. पंधरा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला चार तास. एवढ्या कामाने कुणाची झोप उडू नये. झोप उडते ती कोण काय करणार, कधी देणार आणि नाही दिलं तर पुढे काय, हे कुणी तोंडाने बोललेलंच नसतं म्हणून. मित्राला कामाचं विचारायचं कसं, त्याला वाईट वाटेल, या भिडेपोटी महिना जातो. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि प्रोजेक्टमध्ये ती शेवटच्या आठवड्यात दारात उभी राहते.

म्हणून ताण कमी करायचं पहिलं काम पहिल्याच आठवड्यात होतं, आणि त्याला पाऊण तास लागतो.

पहिली बैठक

सगळ्यांनी समोरासमोर बसा. व्हॉट्सअॅपवर ही बैठक होत नाही. जेवणाच्या सुट्टीत, वाचनालयात किंवा झाडाखाली, पण सगळे हजर असतील तेव्हाच. आधी प्रत्येकाने आपल्या अडचणी सांगायच्या. कोण कुठून येतं, परतीची शेवटची बस किंवा गाडी कितीची, घरी लॅपटॉप आहे का, रात्री रेंज मिळते का, कुणी दुकानात किंवा शेतात काम करतं का, कुणाच्या घरी यंदा लग्न आहे का. चाळीसगाव-पाचोऱ्याचा मुलगा मुंबई मार्गाच्या गाडीवर अवलंबून असतो आणि अमळनेर-धरणगावचा सुरत मार्गाच्या. दोघांची वेळ जुळत नाही, आणि "तो पाचला पळून जातो" हा राग निव्वळ वेळापत्रक माहीत नसल्यामुळे धरला जातो. मुलींना अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं, काहींना रात्री फोनवर बोलता येत नाही. हे आधी कळलं की बैठक दुपारी साडेबाराला ठेवता येते आणि रात्रीचं बोलणं लेखी निरोपावर भागतं.

ग्रुप निवडायची मोकळीक असेल तर चार जण पुरेत. चार माणसांत दोघादोघांच्या सहा जोड्या होतात, सहा माणसांत पंधरा, आठांत अठ्ठावीस. प्रत्येक जोडी म्हणजे निरोप चुकायची एक जागा. शिवाय माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्याने दोर ओढायला लावून हे मोजलं आणि १९१३ साली प्रसिद्ध केलं. आठ जणांनी मिळून लावलेला जोर त्यांच्या एकेकट्याच्या जोराच्या बेरजेच्या जेमतेम निम्मा भरला. काही जोर ओढण्याचा मेळ न बसल्याने वाया गेला, काही "बाकीचे ओढताहेत" या भावनेने. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की कोणी किती ओढलं हे वेगळं दिसणार असेल तर माणसं फारशी ढिली पडत नाहीत. कामाची वाटणी करताना हेच लक्षात ठेवायचं.

लीडर कोण, हे पहिल्या दिवशी ठरवा. सगळ्यात हुशार मुलगा लीडर करायची पद्धत आहे, पण त्यापेक्षा जो वेळेवर फोन करतो आणि चिडत नाही त्याला करा. हुशाराला अवघड भाग द्या.

विषय आवळून घ्या

ताणाचं निम्मं बी विषयाच्या नावात असतं. "खान्देशातील केळी उत्पादन: एक अभ्यास" हा विषय चार पोरांनी पेलायचा नाही. रावेर आणि यावल हे दोन तालुकेच घेतले तरी आयुष्य पुरणार नाही. त्याऐवजी "यावल तालुक्यातल्या दोन गावांतल्या ३० केळी-बागायतदारांचा ठिबकवरचा खर्च" घ्या. आता हिशोब करता येतो. एका शेतकऱ्याशी बोलायला २० मिनिटं, तीस जणांना १० तास. त्यात मळ्यात जायला-यायला तेवढाच वेळ धरला तर २० तास. दोघांच्या जोडीने गेलात तर पाच-पाच तासांचे चार रविवार, आणि दोन जोड्या केल्या तर दोनच.

हिशोब केल्यावर आलेल्या आकड्याला दीडने गुणा. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस नेहमी कमीच बांधतो, मागच्या वेळी फसलेला असला तरी. कानमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी या चुकीकडे १९७९ मध्येच बोट दाखवलं आहे. शेतकरी घरी नसतो, नदीपलीकडच्या मळ्यात गेलेला असतो, पहिल्या पाच फॉर्मनंतर एक प्रश्नच चुकीचा होता हे कळतं. दीडपट वेळ याच गोष्टी खातात.

इंजिनीअरिंग आणि बीसीएवाल्यांनीही असंच करायचं. "स्मार्ट शेती अॅप" ऐवजी "जमिनीतली ओल मोजून एक व्हॉल्व्ह उघड-बंद करणारी जोडणी". सेन्सर एक, मोटर एक, चाचणीला एक कुंडी. ती चालली की पुढचं बोला. बाजारात तयार प्रोजेक्ट मिळतात, आणि ताण असह्य झाला की ग्रुप तिकडे वळतो. त्याने ताण फक्त पुढे ढकलला जातो. परीक्षक "ही ओळ काढली तर काय होईल" एवढंच विचारतो, आणि चौघंही एकमेकांकडे बघतात.

आपल्याकडचं कॅलेंडर

विद्यापीठाच्या वेळापत्रकात जे छापलेलं नसतं ते इथे आधी मांडावं लागतं. पहिल्या सत्राचं सबमिशन आणि कापूस वेचणी एकाच वेळी येतात. ऑक्टोबर ते डिसेंबर शेतकऱ्याच्या घरची पोरं शनिवार-रविवार शेतातच असतात. त्यांना "सुट्टीत करून आण" सांगणं म्हणजे काम न होण्याची खात्री. त्यांचा भाग सप्टेंबरात संपवा किंवा त्यांना कॉलेजच्या दिवसात बसून होणारं काम द्या. सर्वेक्षण करत असाल तर याच काळात शेतकरीही दिवसा घरी सापडत नाही. संध्याकाळी सहानंतर जा.

दुसऱ्या सत्रात होळी येते. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडच्या मुलांसाठी होळी हा वर्षाचा सण आहे, ते आठवडाभर सातपुड्यात असतात आणि तिथे सगळीकडे रेंज लागेल असं नाही. ते आठ दिवस त्यांच्या नावावर कामच ठेवू नका. मग चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे, एप्रिल-मेमध्ये लग्नं, त्यातच आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या काळात जळगाव-भुसावळचा पारा ४३-४५ अंशांवर असतो. दुपारी एक ते पाच या वेळात पत्र्याच्या खोलीत बसून कुणाचंही डोकं चालत नाही, आणि बहुतेक भांडणंही याच वेळात होतात. एप्रिलमधलं काम सकाळी सहा ते दहा आणि रात्री आठनंतर, असंच आखा.

हे सगळं एका कागदावर उतरवा आणि सबमिशनची खरी तारीख विसरून तिच्या दहा दिवस आधीची तारीख "आपली तारीख" म्हणून लिहा. एकूण पंधरा आठवडे असतील तर नवव्या आठवड्याच्या शेवटी सगळ्यांचे कच्चे, अर्धवट, चुकांचे भाग एकत्र जोडून बघायचे. ही जोडणी लवकर करणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि हीच गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही. प्रत्येक जण आपला भाग घासत बसतो आणि शेवटच्या रात्री कळतं, की एकाने खर्च एकरी काढलाय आणि दुसऱ्याने हेक्टरी.

वाटणी

"पहिलं प्रकरण तू, दुसरं मी" ही वाटणी सोपी दिसते, पण त्यात प्रत्येक जण बाकीच्यांची वाट बघत बसतो. वाटणी दिसणाऱ्या वस्तूंची करा. "माहिती गोळा करणे" ही वस्तू नाही. "शीटमध्ये भरलेले ३० फॉर्म" ही वस्तू आहे, ती आहे किंवा नाही एवढंच बघायचं. प्रत्येक वस्तूसमोर एकच नाव लिहा. दोन नावं लिहिली की ती कुणाचीच राहत नाही. शेजारी आणखी एक नाव "आडोशाला" म्हणून ठेवा. पहिला आजारी पडला तर हा माणूस ते काम उचलणार, म्हणून त्याने दर आठवड्याला पाच मिनिटं ते बघून ठेवायचं.

काम टायपिंगचं, हिंडण्याचं, बोलण्याचं, चित्रं-तक्त्यांचं असं वेगवेगळं असतं. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही तो फोनवर शीट भरू शकतो, मुलाखती रेकॉर्ड करू शकतो, गावात ओळखी काढू शकतो. मुलाखतीसाठी अहिराणी बोलणारा एक जण असलाच पाहिजे. "काय करी राह्यना भो?" म्हणून सुरुवात झाली की म्हातारा शेतकरी ओट्यावर बसवतो, आणि छापील मराठीतला प्रश्न वाचून दाखवला की दोन शब्दांत उत्तर देऊन उठतो. या कामाला टायपिंगइतकंच वजन द्या आणि अहवालात तसं नाव लावा.

पैशांचंही याच कागदावर. पहिल्याच दिवशी माणशी सारखी रक्कम एकाकडे जमा करा आणि खर्च झाला की बिलाचा फोटो ग्रुपवर. ज्याला एकदम देणं जमत नाही त्याला हप्ते पाडून द्या, आणि ते लीडरने त्याच्याशी एकट्याने बोलावं.

निरोप कसा लिहायचा

"करून टाका रे लवकर" या निरोपावर चार अंगठे येतात आणि काम होत नाही. निरोपात नाव, वस्तू, दिवस, वेळ आणि अडलं तर काय, एवढं हवं. उदाहरणार्थ: "राहिलेले १२ फॉर्म शुक्रवारी रात्री ९ पर्यंत शीटमध्ये टाकशील का? अडलं तर गुरुवारी दुपारीच सांग, आपण दोघं बसू." त्यातलं दुसरं वाक्य फार उपयोगाचं आहे. अडलेला माणूस लाजेने गप्प बसतो, त्याला गुरुवारी बोलायचं दार उघडं मिळतं.

प्रोजेक्टचा ग्रुप वेगळा ठेवा, त्यात गुड मॉर्निंग आणि रील नकोत. रात्री दहानंतर त्यात काही टाकायचं नाही असं ठरवा. आठवड्यातून एकदा, समजा सोमवारी मधल्या सुट्टीत, पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या: मागच्या आठवड्यात काय झालं, या आठवड्यात काय होणार, कुठे अडलंय. सोमवार ठरलेला असला की मधले सहा दिवस डोक्यात घोळत राहत नाही.

गाईडकडे रिकाम्या हाताने जाऊ नका आणि सगळं झाल्यावरही जाऊ नका. दोन आठवड्यांनी एक पान घेऊन जायचं, त्यावर झालेलं काम तीन ओळींत आणि विचारायचे दोन प्रश्न. सर किंवा मॅडम जे बोलतील ते त्याच पानावर तारखेसह लिहून सही घ्या. पुढे "मी असं सांगितलंच नव्हतं" हा प्रसंग आला तर ते पान कामी येतं, आणि बहुतेक वेळा ते पान असल्यामुळे तो प्रसंग येतच नाही.

एक जण कामच करत नसेल तर

ग्रुपवर सगळ्यांसमोर त्याला कधी बोलू नका. अपमान झालेला माणूस त्यानंतर काम तर करत नाहीच, कारणं मात्र गोळा करायला लागतो. आधी एकट्याला गाठा, चहाला न्या आणि एकच विचारा: "यातलं काय अडतंय?" उत्तर बहुतेक वेळा चारपैकी एक असतं. त्याला काम समजलेलं नसतं आणि विचारायची लाज वाटते. घरी अडचण असते: आजारपण, पैसा, शेत. त्याला दिलेलं काम त्याला येत नाही. किंवा खरोखरच अंगचोरपणा.

पहिल्या तिघांना काम लहान करून द्या. "तिसरं प्रकरण" ऐवजी "तिसऱ्या प्रकरणातला एक तक्ता, उद्या दुपारपर्यंत, माझ्या शेजारी बसून". एक तक्ता झाला की दुसरा आपोआप येतो. अंगचोर असेल तर लेखी निरोप द्या, ४८ तासांची मुदत द्या, आणि मुदत टळली तर वाटणीचा कागद घेऊन गाईडकडे जा. जाण्याआधी त्याला सांगून जा, पाठीमागून नको. तक्रारीच्या सुरात बोलायची गरज नाही. "हे काम याच्याकडे होतं, दोनदा तारीख दिली, अजून आलं नाही, आम्ही काय करू" एवढं पुरे. हे सहाव्या-सातव्या आठवड्यात केलं तर मार्ग निघतो. शेवटच्या आठवड्यात गाईडही काही करू शकत नाहीत.

आणि उलटी चूकही असते. एक जण सगळ्यांचं काम स्वतःवर ओढून घेतो, रात्र-रात्र जागतो, मग बाकीच्यांचा द्वेष करायला लागतो. तो माणूस तुम्ही असाल तर हातातल्या कामांची यादी करा आणि त्यातली दोन कामं आजच परत द्या, जशी होतील तशी होऊ द्या. दुसऱ्याचं काम तुमच्याइतकं नेटकं होणार नाही. चालेल. व्हायवात त्याला त्याचंच विचारतात.

मागे पडलेले तुम्हीच असाल तर तारीख उलटायची वाट बघू नका. "माझं निम्मंच झालंय, घरी वेचणी चालू आहे, बुधवारी देतो. तोवर झालेलं टाकून ठेवतो." असा निरोप आला की कुणी चिडत नाही. चीड येते ती फोन बंद ठेवल्याची.

शरीराकडे

छातीत धडधड, हात गार, काही सुचत नाही असं झालं की श्वासाकडे वळा. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सात-आठ मोजेपर्यंत हळूहळू बाहेर, असं पाच मिनिटं. श्वास लांबवून सोडताना हृदयाची गती खाली येते, म्हणून बाहेरचा श्वास मोठा ठेवायचा. खोल श्वास घाईघाईने घेतले तर उलट चक्कर येते.

झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून केलेल्या कामातच पान नंबर चुकतात आणि जुनी फाइल नव्या फाइलवर सेव्ह होते. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला पाच तासांच्या आसपास लागतात, तेव्हा संध्याकाळी पाचनंतरचा कडक चहा रात्री अकराला अंगात असतोच. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतं आणि चिडचिड होते, आणि आपण ते प्रोजेक्टच्या नावावर टाकतो. घरून ताकाची बाटली आणा. उन्हात सर्वेक्षण करून आलात आणि गळून गेल्यासारखं वाटलं तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट भरलेल्या चहाच्या चमच्याने मोजून, आणि घोट-घोट. जेवण चुकवू नका. रात्री उशीर झाला तर खिचडी होते वीस मिनिटांत.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं चालू असेल तर ते प्रोजेक्टच्या पलीकडचं आहे. घरी सांगा, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टरही भेटतात. ग्रुपमधला कुणी "जगण्यात अर्थ नाही" असं काही बोलला तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच्या शेजारी बसूनच हा नंबर लावा आणि त्याच्या घरच्यांना कळवा.

शेवटचे दहा दिवस

इथे ताण यंत्रांचा असतो. मराठीत अहवाल असेल तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी युनिकोडमध्ये टाइप करा. एकाने कृतिदेव, दुसऱ्याने श्रीलिपी वापरली की जोडताना अर्धं पान इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखं दिसतं आणि ते पुन्हा टाइप करावं लागतं. अहवाल एकाच ऑनलाइन फाइलमध्ये लिहा म्हणजे "फायनल", "फायनल २", "खरंच फायनल" अशा फाइली होत नाहीत आणि चुकून पुसलेलं जुन्या आवृत्तीतून परत मिळतं. तरी रोज रात्री एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक ईमेलवर, कारण वीज आणि नेट ऐन वेळी जातात.

डावा समास दीड इंच ठेवा, नाहीतर बाइंडिंगमध्ये अक्षरं आत जातात. पीडीएफ करूनच दुकानात न्या. वर्डची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की फॉन्ट आणि पानं सरकतात. आधी एकच प्रत काढा, चौघांनी एकेक प्रकरण बोट ठेवून वाचा, मग बाकीच्या प्रती. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानांत रांगा असतात आणि कडक बाइंडिंगला एक-दोन दिवस जातात, म्हणून बाइंडिंगला चार दिवस आधी टाका. सहीचं पान त्याच्याही आधी, कारण गाईड आणि विभागप्रमुख एकाच दिवशी जागेवर मिळतील असं नाही.

माहिती कुठून घेतली ते लिहिता-लिहिताच नोंदवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे प्रश्न सुरू होतात. शेवटच्या रात्री नेटवरून ढापलेलं पान नेमकं तिथेच सापडतं.

व्हायवाआधी दोन दिवस, एक तास: प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग पाच मिनिटं समजावून सांगायचा. जिथे अडतो तिथे त्या भागाच्या मालकाने सांगायचं. परीक्षकांनी तुम्हाला येत नाही असं काही विचारलं तर "हे आम्ही तपासलं नाही, सर" म्हणा. थापेवर दुसरा प्रश्न येतो, या उत्तरावर सहसा विषय बदलतो.

त्या दिवशी जास्तीची प्रत एकाकडे, पेनड्राइव्ह दुसऱ्याकडे, आणि बाहेरगावच्यांनी नेहमीच्या एक गाडी आधीची पकडायची. संपलं की त्याच दुपारी खर्चाची वही मिटवा, उरलेले पैसे वाटून घ्या, कुणाच्या बापाची मोटारसायकल सर्वेक्षणाला नेली होती तिचं पेट्रोल द्या. ज्या शेतकऱ्यांनी वेळ दिला त्यांच्या गावी एक प्रत पोचवा. मूळ फाइल मात्र निकाल लागेपर्यंत कुणीही पुसायची नाही.